काडतुसाची मुरड

ओहायो राज्यात डेटन शहराजवळ आमचं घर आहे. तळघरात खिडकीखाली एक जाड फळीचं बाक आहे आणि त्या बाकाला बोल्टांनी आवळलेली एक प्रेस. हिवाळा लागला की मी आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी तिथे बसतो आणि बारा बोअरच्या उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतो. भारतात काडतुसं बनवायला किंवा भरायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे हौस म्हणून हे करणारा माणूस आपल्याकडे भेटत नाही. इथे मात्र ट्रॅप खेळणाऱ्यांच्या घरोघरी अशी प्रेस दिसते. ट्रॅप म्हणजे बंदुकीने मातीच्या उडत्या थाळ्या फोडण्याचा खेळ. एका फेरीत पंचवीस थाळ्या, म्हणून डब्यातही पंचवीस काडतुसं.

काडतुसाच्या पोटात काय असतं ते आधी सांगतो. बुडाशी पितळी किंवा पोलादी टोपण, त्यात मधोमध प्राइमर, म्हणजे ठोका बसताच पेटणारी टिकली. त्यावर दारू. दारूवर वॉड, म्हणजे प्लास्टिकची छोटी पेलेवजा वस्तू, आणि त्या पेल्यात छर्रे. वर पुंगळीची कड आत दुमडून तोंड मिटवलेलं असतं. या मिटवण्याला इथे क्रिंप म्हणतात. मी मनात त्याला मुरड म्हणतो, करंजीला घालतात ती. इतक्या वर्षांत जे कळलं त्यातलं बरंचसं या मुरडीपाशीच कळलं.

१. पैसे वाचतील म्हणून मी यात पडलो, पण पैसा हे यातलं सगळ्यात लंगडं कारण निघालं. २००५ च्या ऑगस्टमध्ये एका सहकाऱ्याबरोबर मी व्हँडेलियाला ट्रॅपची ‘ग्रँड अमेरिकन’ स्पर्धा पाहायला गेलो होतो. डेटनच्या विमानतळाला लागूनच ते मैदान. १९२४ पासून स्पर्धा तिथे भरत होती आणि ते तिचं तिथलं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती इलिनॉयमधल्या स्पार्टाला गेली. मैलभर लांब रांगेत थाळ्या उडत होत्या, फुटत होत्या आणि जागोजाग लोक वाकून आपल्या पुंगळ्या पिशवीत भरत होते. ते वाकणं माझ्या लक्षात राहिलं. पुढे ग्रीन कार्ड आलं, मी बंदूक घेतली, क्लबात जाऊ लागलो आणि मीही वाकू लागलो. पंचवीस पौंडांची छर्‍यांची पिशवी घेतली की प्रत्येकी सव्वा औंसाला जरा कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश औंस या मापाने साडेतीनशेवर काडतुसं होतात. हा हिशेब मी कागदावर मोठ्या उमेदीने मांडला होता. मग शिसं महागलं, प्राइमर मिळेनासे झाले, तराजू घ्यावा लागला, पुस्तकं घ्यावी लागली. तो कागद पुढे मी काढला नाही. बाकापाशी बसणं मात्र सुटलं नाही, कारण तोवर हाताला त्याची ओढ लागली होती.

२. पुंगळीला तिच्या घड्या आठवतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या हिवाळ्यातल्या शंभरेक पुंगळ्या फुकट गेल्या नसत्या. ट्रॅपच्या काडतुसाचं तोंड बहुधा आठ पाकळ्यांनी मिटवलेलं असतं, शिकारीच्या काडतुसांचं बऱ्याचदा सहा. उडवल्यावर तोंड उघडतं आणि नळी सरळ दिसते. पण उजेडाकडे तोंड करून बघितलं तर कडेला आठ फिकट रेघा दिसतात. प्लास्टिक एकदा जिथे मोडलं तिथेच ते पुन्हा मोडू पाहतं. प्रेसवर चौथ्या टप्प्याला एक खोबणीदार टोपी खाली येते आणि घड्या नुसत्या सुरू करून देते. माझ्या प्रेसवर सहाची टोपी बसवलेली होती आणि पुंगळ्या आठच्या. मी जोर लावत राहिलो. तोंडं अशी झाली की काही ठिकाणी दोन घड्या एकीवर एक, काही ठिकाणी फुगवटा आणि मधोमध त्रिकोणी भोक. आठची टोपी बसवल्यावर पहिलीच पुंगळी मऊपणे मिटली. ती टोपी आपल्या अक्षावर मोकळी फिरते, जुन्या रेघा शोधते आणि त्यांत जाऊन बसते. माझं काम तेवढंच, हँडल सावकाश खाली आणायचं आणि तिला शोधायला सवड द्यायची. मी घाई केली की ती दोन रेघांच्या मध्ये चावते आणि मग त्या पुंगळीला नवव्या घडीची आठवण राहते.

३. मुरड हे झाकण नव्हे. छर्रे सांडू नयेत म्हणून तोंड बंद करायचं, इतकंच मला वाटत होतं. भोक राहिलं तर छर्रे सांडतात हे खरंच. आठ नंबरचा छर्रा सव्वादोन मिलिमीटरचा असतो, तो एवढ्याशा फटीतून निघतो. एका शनिवारी मी जॅकेटच्या खिशात हात घातला तर बोटांना तळाशी मोहरीसारखं काहीतरी लागलं. भोकावर मेणाचा थेंब सोडून मोकळे होणारेही मला भेटले आहेत. पण मुरडीचं खरं काम मला जानेवारीत कळलं. पारा शून्याखाली दहाच्या आसपास होता. माझी काही काडतुसं ‘धाड्’ करण्याऐवजी ‘धप्’ करत होती, बंदूक खांद्यात नीट बसत नव्हती, आणि नळीत डोकावलं तर आत न जळलेल्या दारूचे चपटे कण पडलेले. बिनधुराच्या दारूचा स्वभाव असा की दाब चढेल तसं तिचं जळणं वेग घेतं. सुरुवातीच्या क्षणी कुणीतरी तिला अडवून धरावं लागतं. ते अडवणं बरंचसं मुरडीकडे असतं. ती ढिली असेल तर दाब चढायच्या आत छर्रे निघून जातात आणि दारू अर्धीमुर्धी जळते. थंडीत हे जास्त जाणवतं. एका सेकंदाच्या हजारातल्या काही भागांपुरता तो धीर, पण तो धरावा लागतो.

४. इथे ‘साधारण’ हा शब्द चालत नाही, आणि तो सोडणं मला फार जड गेलं. आमच्या घरात कुणी मापाने स्वयंपाक केला नाही. मीठ डोळ्यांनी, पाणी बोटाच्या पेराने. काडतुसाची कृती छापील पुस्तकातूनच घ्यायची असते: अमुकच पुंगळी, अमुकच प्राइमर, अमुकच दारू एवढ्याच वजनाची, अमुकच वॉड आणि एवढेच छर्रे. यातलं एक बदललं तरी ती कृती उरत नाही. माझ्याकडचे प्राइमर संपले होते आणि दुकानात दुसऱ्या बनावटीचे होते. आकार तोच, भोकात बसतातही तसेच. मी ते घेऊन आलो आणि म्हणालो, प्राइमरने काय फरक पडतो. रात्री पुस्तक उघडून दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या. बाकी सगळं तेच, फक्त प्राइमर वेगळा, आणि दाबाच्या रकान्यात हजारांचा फरक. बारा बोअरच्या नेहमीच्या पावणेतीन इंची काडतुसाला इथे दर चौरस इंचाला ११,५०० पौंड ही दाबाची मर्यादा धरतात. दुकानातून आणलेली ती पेटी मी तशीच ठेवून दिली, तिच्यासाठी दिलेली कृती सापडेपर्यंत. ज्या नळीतला दाब मी वाढवणार होतो, तिच्यापासून माझा गाल बोटभर अंतरावर असतो.

५. बार भरताना बोलायचं नाही. हे वाक्य माझ्या आजोबांचं आहे, आणि मला ते फार उशिरा आठवलं.

२८ ऑक्टोबर २०१६. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. रत्नागिरीकडे आमच्या घरी पहाटेचे पाच वाजले होते, इथे आदल्या संध्याकाळचे साडेसात. मी तिसऱ्या टप्प्यावर होतो. या टप्प्यावर एक आडवी पट्टी असते. ती एकीकडे सरकवली की दारू पडते, मग वॉड बसवायचा, आणि पट्टी दुसरीकडे सरकवली की छर्रे पडतात. तेवढ्यात फोन वाजला. आईचा. अभ्यंगस्नानाला उठली होती, पाठीमागे बंबाचा आवाज येत होता, कुणीतरी कारीट फोडलं, त्याचा कालवा. मी हँडल सोडलं आणि दहा मिनिटं उभ्याउभ्या बोललो. फार आनंदात होतो. फोन ठेवला, पुन्हा बसलो, वॉड बसवला, छर्रे सोडले, तोंड मिटवलं आणि पुढच्या पुंगळीला हात घातला.

दोन आठवड्यांनी क्लबात फेरी चालू होती. मी तिसऱ्या जागेवर होतो. ‘पुल’ म्हटलं, थाळी निघाली, चाप ओढला. आवाज आला तो दाराची कडी पडावी तेवढाच. खांद्याला धक्का नाही. नळीच्या तोंडातून काही छर्रे ओघळून गवतात पडले आणि थाळी अखंडच लांब जाऊन उतरली. मला वाटलं, फुसका बार. मी बंदूक उघडून ते काडतूस काढलं आणि सवयीने दुसरं घ्यायला खिशात हात घातला.

मागून एक आवाज आला, “थांब. हात खाली घे.”

क्लबात एक वयोवृद्ध गृहस्थ येतात. चाळीस वर्षं त्यांनी यंत्रशाळेत लेथवर काढली. ते मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी थाळीकडे बघितलं नव्हतं, आवाज ऐकला होता. ते माझ्यापाशी आले, उघडी बंदूक माझ्या हातून घेतली आणि नळी आभाळाकडे धरून मला डोकवायला लावलं. पलीकडचं आभाळ दिसायला हवं होतं. दिसलं नाही. मधेच कुठेतरी वॉड अडकून बसला होता. दारूच पडली नव्हती, नुसत्या प्राइमरने त्याला तेवढं ढकललं होतं. मी दुसरं काडतूस घालून चाप ओढला असता तर तो सगळा दाब त्या अडकलेल्या बुचापाशी तुंबला असता आणि नळी फाटली असती. नळीखाली माझा डावा हात होता. डावीकडे सहा-सात हातांवर एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी तिच्या पाळीची वाट बघत उभी होती.

ते काही बोलले नाहीत. लांब लाकडी काठीने त्यांनी वॉड बाहेर ढकलला, माझ्या तळहातावर ठेवला आणि परत बाकावर जाऊन बसले. मी त्या दिवशी पुढे खेळलो नाही. गाडीत बसल्यावर दोन्ही हात मांड्यांवर दाबून बराच वेळ तसाच होतो. घरी आलो आणि त्या महिन्यात भरलेली सगळी काडतुसं कापून उघडली. फोन तेव्हापासून वरच्या मजल्यावर असतो. कुणी हाक मारलीच तर हातातलं काडतूस पुढे न्यायचं नाही, ओतून रिकामं करायचं आणि आल्यावर पहिल्यापासून.

६. खोट जिथे दिसते तिथे ती झालेली नसते. हे मला आईने शिकवलं, आणि तिने आयुष्यात प्रेस पाहिली नव्हती.

२०१७ च्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली. गणेशचतुर्थी २५ ऑगस्टला होती. वर ती उकड मळत होती आणि मी खाली एका जुन्या दुखण्याशी झुंजत होतो. नव्या वॉडची खेप आणली होती, पुस्तकातली कृती तंतोतंत होती, आणि तरी मुरड खोल जात होती. तोंड सपाट राहायच्या ऐवजी मधे बशीसारखं खचायचं, पाकळ्या एकमेकींभोवती पिळवटायच्या. मी शेवटच्या टप्प्याचा स्क्रू अर्धा फेरा वर घेतला. मग पाव फेरा खाली. मग चौथ्या टप्प्याची टोपी हलवली. तीन संध्याकाळी अशाच गेल्या. माझी खात्री होती की दोष मिटवण्यात आहे, कारण दिसत होता तो मिटलेल्या तोंडावर.

आई पाणी प्यायला खाली आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. हात उकडीचे होते म्हणून तिने कशालाच हात लावला नाही, नुसती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, “अरे, सारण कमी पडलंय यात.”

मी म्हटलं, “आई, हे काडतूस आहे.”

“असू दे. कळ्या चांगल्या पडल्यात तुझ्या. पण टेकायला खाली काही नाही, म्हणून नाक आत गेलंय. सारण कमी असलं की मोदक असाच बसतो. जास्त झालं की मिटतच नाही, उकलतो.”

ती वर गेल्यावर मी एक काडतूस उभं चिरलं. तेच होतं. नव्या वॉडच्या मधल्या पायाची उंची कमी होती. आणि मी वापरत होतो त्या पुंगळ्यांचं पोट मोठं, कृती दुसऱ्या, आतून निमुळत्या होत जाणाऱ्या पुंगळीची. मी दोन्हींना एकच समजत होतो, कारण बाहेरून दोन्ही सारख्याच लांबीच्या आणि माझ्या डोळ्याला सारख्याच लाल. म्हणजे ‘कृती तंतोतंत’ हेही खरं नव्हतं. पाकळ्यांना टेकायला खाली छर्‍यांची सपाट जमीन लागते, आणि ती योग्य उंचीवर लागते. ती जमीन खाली गेली की पाकळ्या आत पडतात. वर आली की तोंड घुमटासारखं फुगतं आणि मधोमध उघडं राहतं. स्क्रूने यातलं काहीच बदलत नाही, फक्त खोट थोडा वेळ लपते.

त्या रात्री मला दुसरंच काहीतरी आठवलं. २८ ऑक्टोबरचं ते काडतूस. त्यात दारूच नव्हती, म्हणजे त्याचं सारण कितीतरी कमी होतं. तोंड खचलेलं असणारच. आणि मग अगदी स्पष्ट आठवलं की डब्यात ठेवताना माझा अंगठा त्याच्या तोंडात जरा जास्त खोल गेला होता. अंगठ्याला ते कळलं होतं. मी त्या वेळी फोनवरच्या बंबाच्या आवाजात होतो. काडतुसाने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

आईला त्या संध्याकाळी एकवीस मोदकांचा पहिला घाणा उतरल्यावर मी आजोबांच्या बंदुकीबद्दल विचारलं. रानडुकरं आणि माकडं यांच्यासाठी आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. आजोबा पडवीत बसून ती भरायचे. दारू, त्यावर नारळाच्या सोडणाचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. आई म्हणाली, “ठासताना गज शेवटी उडी मारायचा, ती उडी बघूनच ते थांबायचे. आणि तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. आम्ही पोरं खांबाला धरून गप्प उभी असायचो.” दारू राहून गेली त्या वेळचा फोन तिचाच होता, हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

७. डाइम नावाचं दहा सेंटचं नाणं. त्याची जाडी १.३५ मिलिमीटर. चांगल्या मुरडीची खोली कडेपासून साधारण तेवढीच भरते. माझ्या बाकावर एक डाइम कायम असतो. मिटलेल्या तोंडावर ठेवायचा आणि वरून नख फिरवायचं. नाणं आणि कड एका पातळीत आली की झालं. खोल मुरडीने दाब वाढतो, उथळ मुरडीने जळणं बिघडतं, आणि दोन्हींच्या मधली जागा एका नाण्याएवढी.

८. पण तोंड सगळंच सांगत नाही, हेही मान्य करावं लागलं. आईच्या वाक्याने मी इतका भारावून गेलो होतो की काही महिने मी फक्त मुरड बघून काडतुसं पास करत होतो. दारू अजिबात नसली तर तोंड खचतं, दुप्पट पडली तर बहुधा मिटत नाही. पण दोन ग्रेन इकडेतिकडे झाले तर तोंडावर काहीही दिसत नाही. एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा पंधरावा भाग. पट्टीतल्या भोकातून किती दारू पडेल याचा तक्ता असतो, पण तो तक्ता सुरुवातीपुरता. मी हँडल आपटत आणतो की अलगद, दारूची बाटली भरलेली आहे की तळाला आलीय, यावर ती कमी-जास्त दबून बसते. म्हणून आता दर बैठकीला पहिली दहा मापं तराजूवर जातात, आणि पुढे अधूनमधून एखादं. तराजूसाठी वजनं वेगळी आहेत, ती चिमट्याने उचलायची. बोटांचा घाम लागला तरी काटा हलतो.

९. शिसं दिसत नाही. हा मुद्दा मला मुलीमुळे कळला, आणि त्याआधी कळायला हवा होता. ती तीन वर्षांची असताना तळघराच्या पायरीवर बसून पुंगळ्यांचे रंगाप्रमाणे ढीग लावायची, लाल, हिरव्या, सोनेरी. मला ते दृश्य फार आवडायचं. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी नेहमीच्या प्रश्नांत विचारलं, घरात कुणी शिशाशी संबंध येणारं काम करतं का? मी छर्‍यांचा विचार केला आणि हो म्हणालो. छर्रे तरी डोळ्यांना दिसतात. उडवलेल्या प्राइमरची काजळी, पुंगळीच्या आतली राख, यांतही शिसं असतं, ते त्यांनी समजावलं. मुलीच्या रक्ताची तपासणी झाली, ठीक निघाली. निकाल येईपर्यंतचे चार दिवस मी तळघराचा दिवा लावला नाही. आता तिथे झाडू नाही, ओलं फडकं आहे. कपडे वेगळे, धुणं वेगळं, आणि चहा वर. बाकापाशी चहाचा कप नसणं हे अजूनही मला चुकल्यासारखं वाटतं, पण कप नाही. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. ती पायऱ्यांच्या वरून गप्पा मारते, म्हणजे मी हँडलला हात लावलेला नसताना.

१०. पुंगळी म्हातारी होते आणि ते कबूल करायला मन तयार होत नाही. चांगली पुंगळी सात-आठदा भरता येते, कधी जास्तही. दर खेपेला मी बुडाशी मार्करने एक टिंब देतो. पाचव्या-सहाव्या टिंबानंतर पाकळ्यांची टोकं जळून बोथट होतात, घडीच्या कोपऱ्यात सुईएवढं छिद्र पडतं, कड मऊ होते. तेव्हा सारण बरोबर असतं, टोपी बरोबर असते, हातही बरोबर असतो आणि तरी मध्ये भोक राहतं. सुरुवातीला मी अशांनाही भरत राहायचो, टाकवत नव्हतं. आता कोपऱ्यात उजेड दिसला की ती थेट कचऱ्यात.

आमचे ते वयोवृद्ध गृहस्थ आता खेळत नाहीत, खांदा साथ देत नाही. पण शनिवारी येतात आणि मागच्या बाकावर बसतात. मी पोचलो की माझा डबा मागून घेतात, मांडीवर ठेवतात आणि एकेक काडतूस उचलून त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवतात. डोळे समोर, थाळ्यांकडे. फिरवून झालं की ते खाली, मग पुढचं. मागच्या शनिवारी एकोणिसाव्यापाशी अंगठा थांबला. त्यांनी ते पुन्हा एकदा चाचपलं, बाजूला काढून स्वतःच्या खिशात टाकलं, आणि चोवीस काडतुसांचा डबा माझ्याकडे दिला.